कोऱ्या भिंतीवरची परीक्षा

कृष्णाकाठच्या एका गावात आबा आणि त्यांचे दोन नातू राहत होते. थोरला पुण्याजवळच्या कारखान्यात नोकरीला होता, सुट्टी जोडून मिळाली की घरी यायचा. धाकटा शेती बघायचा. ऊस हे मुख्य पीक, आणि शेतीपंपाची वीज कधी दिवसपाळीला तर कधी रात्रपाळीला. रात्रपाळी आली की मध्यरात्री उठून उसाला पाणी पाजायला जायचं, याला गत्यंतर नव्हतं.

रानात न्यायला आबांची जुनी बॅटरी होती. दोन मोठे सेल लागणारी, काचेच्या बल्बची. ती विहिरीच्या कट्ट्यावरून पडली, बल्ब गेला आणि तसला बल्ब पुन्हा कुठे मिळेना. तेव्हा दोघे भाऊ नवी बॅटरी आणायला तालुक्याच्या गावी गेले.

दुकानदाराने एकाच घडणीच्या दोन बॅटऱ्या काढल्या. मुठीत मावतील एवढ्याच, पण उजेड आबांच्या बॅटरीच्या कितीतरी पट. काउंटरमागे चुन्याने रंगवलेली कोरी भिंत होती. त्याने दोन्ही बॅटऱ्यांचे झोत भिंतीवर शेजारी-शेजारी पाडले. एक गोल लख्ख पांढरा, कडेला किंचित निळसर. दुसरा पिवळट.

"ही साडेसहा हजारची, आणि ही तीन हजारची," दुकानदार म्हणाला.

थोरल्याला एवढं पुरे झालं. साडेसहा हजार म्हणजे तीन हजारांच्या दुपटीहून जास्त, हा हिशेब त्याने तिथेच केला. शिवाय खोक्यावर पांढरीला 400 ल्युमेन लिहिलं होतं आणि पिवळीला 300. भिंतीवर तर डोळ्यांनाच दिसत होतं. त्याने पांढरी घेतली.

धाकट्याच्या खिशात बियाण्याचे पैसे देऊन उरले होते तेवढेच. पिवळ्या बॅटऱ्यांचं खोकं मुंबईच्या लोहार चाळीतून बाकीच्या मालाबरोबर आलं होतं आणि ते खपत नव्हतं. दुकानदार शंभर रुपये कमी करायला तयार झाला, म्हणून धाकट्याने पिवळी घेतली. त्यात शहाणपण नव्हतं, अडचण होती.

घरी आल्यावर ओसरीच्या भिंतीवर पुन्हा तीच परीक्षा झाली आणि निकालही तोच लागला. वहिनींनी धाकट्याच्या बॅटरीला 'काविळीचा उजेड' असं नाव देऊन टाकलं. धाकट्याने दोन दिवस ऐकून घेतलं, तिसऱ्या दिवशी तो चिडला. भावाभावांची बोलाचाली वाढली तेव्हा आबा मधे पडले.

"भिंतीला पाणी पाजायचंय का उसाला?" त्यांनी विचारलं.

दोघेही गप्प.

"मग भिंतीवर काय बघताय? आज रात्री रानात चला. मी सांगतो ते करायचं आणि जे दिसंल ते खरं बोलायचं."

हिवाळ्याचे दिवस. ऊस तुटून गेला होता आणि खोडव्याच्या सऱ्यांमध्ये पाचट पसरून ठेवलं होतं. आबा संध्याकाळीच एकटे जाऊन आले होते. रात्री त्यांनी धाकट्याला खोपीत बसवलं आणि थोरल्याला म्हणाले, "ही सरी धर आणि शेवटापर्यंत जा. वाटेत काय हाय ते सांग."

थोरला निघाला. झोत असा की सरीच्या टोकापर्यंत सगळं उजळून निघालं. तो शेवटापर्यंत गेला, परत आला आणि म्हणाला, "काही नाही आबा. नुसतं पाचट."

मग धाकटा निघाला. मघापासून तो अंधारात एकट्या स्वतःच्या बॅटरीशी होता, आणि एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली होती. उजेडातला पिवळेपणा नाहीसा झाला होता. दुसरी बॅटरी शेजारी नसली की थोड्याच वेळात डोळे त्या रंगाला सरावतात आणि तोच उजेड पांढरा वाटायला लागतो. अर्ध्या सरीवर तो थबकला. फिकट सोनेरी पाचटात तांबूस तपकिरी वेटोळं पडलं होतं.

"आबा, इथं कायतरी हाय."

ती काथ्याची जुनी दोरी होती. थोरल्याच्या चपलेचा मातीचा ठसा तिच्यावर उमटलेला होता. त्याच्या झोतात पाचट आणि दोरी दोन्ही एकाच राखाडी रंगाचं दिसलं होतं, आणि तो तिच्यावर पाय देऊन पुढे गेला होता.

आबा म्हणाले, "दोरीला साप समजून उडी मारली तर लोक हसत्यात. सापाला दोरी समजलं तर लोक रडत्यात."

जास्त समजावायची गरज नव्हती. उसाच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला घोणस ठाऊक असते. तपकिरी अंग, त्यावर काळसर कडांचे गडद तपकिरी ठिपके, आणि पळून जाण्याऐवजी जागच्या जागी पडून राहण्याची सवय. वाळक्या पाल्यात तिला लपावं लागत नाही. रंगच तिला लपवतो.

धाकटा खुलला. "बघितलंस दादा?"

"थांब," आबा म्हणाले. "अजून रात्र सरली न्हाई."

त्यांनी दोघांना बांधावर नेलं आणि ओढ्याच्या काठाने लांबवर रोवलेले हद्दीचे दगड दाखवायला सांगितले. इथे थोरला पुढे गेला. त्याला एक दगड जास्त दिसला. फरक मोठा नव्हता. 300च्या जागी 400 ल्युमेन असले तर झोत शंभर पावलांमागे जेमतेम पंधरा-सोळा पावलं जास्त पोचतो. पण होता तो थोरल्याच्या बाजूचा होता.

मग मोटारीच्या पेटीपाशी. आबांनी मेन स्विच पाडायला लावला, पेटीचं दार उघडलं आणि हात न लावता वायरींचे रंग सांगायला सांगितले. वर्षानुवर्षांची धूळ आणि तेल बसलेल्या त्या वायरी. धाकट्याने लाल लगेच ओळखली, पिवळीवर जरा अडखळला, आणि उरलेल्या दोन्हींना 'काळी' म्हणाला. थोरल्याने आपला झोत टाकला. त्यातली एक निळी होती.

"आणि ह्या चुकीला साप लागत न्हाई," आबा म्हणाले. "करंटच पुरतोय."

आता धाकट्याचा चेहरा उतरला.

पहाटे परतताना नदीकडून धुकं चढलं. धाकट्याला पुन्हा उमेद आली. पिवळा उजेड धुकं फोडतो हे त्याने लहानपणापासून ऐकलं होतं. त्याने बॅटरी डोळ्यांजवळ धरून समोर रोखली. समोर पिवळट पडदा. थोरल्याने रोखली, तर पांढरा पडदा. दोघांनाही पुढचं पाऊल दिसेना. आबांनी थोरल्याच्या हातातली बॅटरी घेतली, हात खाली सोडून गुडघ्याच्या उंचीला धरली आणि चालायला लागले. पायवाट दिसू लागली. मग धाकट्याचीही तशीच धरली. तेवढीच दिसली.

"हितं बॅटरीचं काम न्हाई, हाताचं काम हाय," एवढंच ते बोलले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दोघांची थोरली बहीण हायस्कुलात विज्ञान शिकवायची. ती माहेरी आली होती. रात्रीची हकीकत तिने ऐकली आणि दोन्ही खोकी मागवली.

"दादा, हा 6500चा आकडा ताकदीचा नाही, छटेचा आहे," ताई म्हणाली. "केल्विन म्हणतात त्याला. मेणबत्ती दोन हजारांच्या आतबाहेर, आबांचा जुना बल्ब 2700च्या आसपास, दुपारचं ऊन साडेपाच हजार. आकडा चढला की उजेड निळ्याकडे झुकतो. जास्त पडतो असं नाही."

"पण ल्युमेन तर जास्त आहेत?"

"ते आहेत. पण डोळा ल्युमेन मोजत नाही. उजेड दुप्पट भासायला तो सुमारे चौपट करावा लागतो. 300 आणि 400 एका भिंतीवर शेजारी नसते तर तुला फरक सांगता आला नसता."

मग तिने आतली गंमत सांगितली. दोन्ही बॅटऱ्यांच्या पोटात निळाच दिवा असतो. त्यावर पिवळा उजेड देणाऱ्या पदार्थाचा लेप देतात. थोडा निळा उजेड लेपातून तसाच बाहेर येतो, थोड्याचा लेप पिवळा करतो, आणि दोन्ही मिसळून डोळ्याला पांढरा दिसतो. हा निळा दिवा बनवणंच सगळ्यात अवघड होतं. इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना त्यासाठी 2014 साली पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. लेप पातळ ठेवला तर उजेड निळसर राहतो. जाड दिला आणि त्यात लाल देणारा पदार्थ घातला तर उबदार होतो. मात्र निळ्याचा लाल करताना काही ऊर्जा उष्णतेत जाते. म्हणून त्याच सेलवर पिवळीचे ल्युमेन कमी पडतात.

"म्हणजे माझ्यात लाल कमी?"

"तुझ्या बॅटरीत. आणि तपकिरी म्हणजे तरी काय? मंद नारिंगी. लालच नसेल तर तपकिरी कुठून दिसणार? दोरी आणि पाचट दोन्ही राखाडीच व्हायचं."

धाकट्याने मान ताठ केली. ताईने ती लगेच खाली आणली. "आणि तुझ्या उजेडात निळं इतकं थोडं की मळकी निळी वायर काळी दिसते. बरं, तुझी बॅटरी पिवळी आहे म्हणून चांगली, असंही समजू नकोस. खोक्यावर खाली बारीक अक्षरात बघ."

तिथे 'सीआरआय 90+' असं छापलं होतं. थोरल्याच्या खोक्यावर 70.

"रंग किती खरे दिसतात त्याचा हा आकडा, शंभरपैकी. आबांचा काचेचा बल्ब जवळजवळ शंभर. पिवळी असून सत्तरची बॅटरी मिळते, पांढरी असून नव्वदच्या वरचीही मिळते. छटा वेगळी आणि रंगांचा खरेपणा वेगळा. त्यातही हा आकडा आठ फिक्या रंगांची सरासरी असतो. गडद लालाची परीक्षा त्यात धरतच नाहीत, ती 'आर-नऊ' या नावाने वेगळी लिहितात. जखम, रक्त, अंगावरचा पुरळ ज्यांना बघायचा असतो, त्यांनी तो आकडा बघावा."

"आणि धुक्याचं काय?" धाकट्याने विचारलं.

"धुक्याचे थेंब उजेडाच्या लहरींपेक्षा खूप मोठे असतात. ते निळा आणि पिवळा जवळजवळ सारखाच उधळतात. उधळलेला उजेड परत तुझ्याच डोळ्यांत येतो. बॅटरी डोळ्यांपासून लांब, खाली धरली की तो कमी येतो. आबांनी केलं ते तेवढंच."

आबा सुपारी कातरत ऐकत होते. ते काही बोलले नाहीत.

पुढच्या रात्रपाळीला थोरला भावाबरोबर गेला. धाकटा पुढे, त्याच्या हातात पिवळी बॅटरी. सरीच्या तोंडाशीच त्याने हात आडवा केला. पाचटात घोणस पडली होती, खरीखुरी. दोघे मागे सरले, लांबून वळसा घालून गेले. पायांत गमबूट होते, हातात काठी होती. वेळेवर दिसल्यामुळे दोन्हींची गरज लागली नाही.

त्या रात्रीनंतर थोरला पालटला. पालटला म्हणजे पुरता पालटला. पारावर बसून तो येईल त्याला सांगू लागला, "पिवळीच घ्या. पांढरी म्हणजे निव्वळ भपका. मी घोणस डोळ्यांनी बघितलीय." घोणशीचं नाव काढल्यावर कोण वाद घालणार? तालुक्याच्या दुकानातलं ते न खपणारं खोकं पंधरवड्यात रिकामं झालं. दुकानदाराने शंभर रुपयांची सूट बंद केली आणि वर पन्नास रुपये वाढवले.

घेणाऱ्यांत गावातला वायरमनही होता. मोटारी बांधणं, जळालेल्या पेट्या दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. आठवड्याभरात तो रागारागाने आबांच्या ओसरीवर आला.

"आबा, तुमच्या नातवाचं ऐकून पैसे घातले. निळी वायर काळी दिसतीया, पांढरी आन् फिक्कट पिवळी तर वळखूच येईना. रात्रीचं पेटीत हात घालायचा म्हणजे माझा जीव हाय का न्हाई?"

थोरला सांगायला लागला, "अहो, पण घोणस..."

"मला पेटीत घोणस न्हाई दादा, वायरी बघायच्या असत्यात!"

आबांनी थोरल्याला जवळ बोलावलं. "आधी पांढरी चांगली म्हणत हुतास, आता पिवळी चांगली म्हणतोस. तुझी बॅटरी बदलली. तुझा सवाल बदलला न्हाई."

"मग काय विचारायला पाहिजे होतं?"

"ह्येला इचार की. त्यो समोरच बसलाय."

थोरला वायरमनकडे वळला. "तुम्हाला रात्री काय काय बघावं लागतं?"

वायरमनने सांगितलं: वायरींचे रंग, जळाल्याचे काळे डाग, पेटीवरचे बारीक आकडे, आणि कधी खांबावर टोकाला काय तुटलंय ते. रानात आडवाटेने तो जात नव्हता; गाडीरस्त्याने मोटारसायकलवर यायचा आणि पेटीपाशी थांबायचा. थोरला घरात गेला, आपली पांढरी बॅटरी घेऊन आला आणि वायरमनच्या हातात ठेवली. वायरमनची पिवळी त्याने स्वतःकडे घेतली. पैशांची गोष्ट कुणी काढली नाही. दोघांनाही हवं ते मिळालं होतं, आणि गावात एकही नवी बॅटरी आली नव्हती.

ताईने ही हकीकत ऐकली तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "वायरमनला खरं तर पांढरी आणि वर नव्वदची पाहिजे. पुढच्या वेळी तशी मागवायला सांग." थोरल्याने दुकानदाराला तसा निरोप दिला. दुकानदार धंद्याचा माणूस. आपल्या मालात खोट नव्हती, तरी गिऱ्हाईक परत का येतंय, हे त्याला उमगलं. त्याने काउंटरवर एक ताट ठेवलं. त्यात मूठभर पाचट, काथ्याचा तुकडा, लाल, पिवळ्या, निळ्या आणि काळ्या वायरीचे मळके तुकडे आणि छापील कागद. दुकानातला दिवा घालवून तो गिऱ्हाइकाच्या हातात एका वेळी एकच बॅटरी द्यायचा, डोळे सरावेपर्यंत थांबायचा, आणि मग ताट पुढे सरकवायचा. त्याची विक्री थोडी हळू झाली, पण परत येणारा माल थांबला.

तात्पर्य: कोऱ्या भिंतीवर भपका जिंकतो, कारण भिंतीवर बघण्यासारखं काही नसतं. उजेडाची परीक्षा उजेडाकडे बघून होत नाही. त्याने काय दाखवलं आणि काय लपवलं, यावरून होते. माणूस निवडताना, औत निवडताना, मुलाची शाळा निवडतानाही हाच नियम लागतो. 'यातलं चांगलं कोणतं?' हा प्रश्न अर्धाच आहे, 'कशासाठी?' हे जोडल्याशिवाय त्याचं उत्तर देऊ नये आणि कुणाचं घेऊही नये. आणि वाचकहो, बॅटरी घ्यायला जाल तेव्हा जे बघायचं आहे त्याचा एक तुकडा खिशात घालून जा. दुकानदाराला दिवा घालवायला सांगा, आणि रानात जाणार असाल तर बॅटरी कोणतीही असो, गमबूट घातल्याशिवाय जाऊ नका.